फुकटचा अँटीव्हायरस : मानस शाबूत, पण बांधाचं काय?

मडकईच्या मास्तरांचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसत होतो. "अरे, तुझ्या त्या कॉम्प्युटरात तेरा व्हायरस शिरलेत. तो स्वतःच सांगतोय." कॉम्प्युटर मास्तरांचा, पण नऊ वर्षांपूर्वी पणजीच्या दुकानातून मी निवडून आणलेला. त्यामुळे नीट चालतो तेव्हा तो त्यांचा आणि बिघडला की माझा.

संध्याकाळी जाऊन बघितलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक लाल चौकट वर सरकत होती, "धोका! १३ व्हायरस सापडले". मिटवली की दोन मिनिटांनी दुसरी. घाबरून मास्तरांनी एक फुकट अँटीव्हायरस उतरवून घेतला होता. त्याने तपासणी करून चाळीसेक 'समस्या' दाखवल्या आणि त्या सोडवायला पैसे मागितले. म्हणून मास्तरांनी दुसरा उतरवला. तिसरा चवथीच्या सुट्टीत आलेल्या नातवाने घालून ठेवलेला. या तिघांच्या मागे विंडोजचा स्वतःचा चौथा होता, पण बाकीचे आलेले बघून तो मुकाट बाजूला झाला होता. पंखा असा घोंघावत होता की काकींनी आतून विचारलं, मिक्सर कोणी चालू ठेवलाय?

त्या तेरा व्हायरसांतला एकही खरा नव्हता. चौकट कुठून येत होती ते पुढे सांगतो.

हल्ली असे फोन वाढलेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि "जुना कॉम्प्युटर आता उघडा पडला, चांगला अँटीव्हायरस घाला" असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला. सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा अर्धा चुकीच्या जागी मलम लावतो. का, ते समजायला थोडं मुळापासून जावं लागेल.

व्हायरस कोणाला म्हणायचं

कॉम्प्युटर सांगितलेलं काम करतो, सांगणारा कोण हे तो फारसं विचारत नाही. तुमच्या नकळत, तुमच्या नुकसानीचं काम सांगणारा प्रोग्राम म्हणजे मालवेअर. व्हायरस हा त्यातला एक जुना प्रकार, जो दुसऱ्या फाइलींना चिकटून आपली पिल्लं घालतो. पीसीवरचा पहिला व्हायरस १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि त्यात चक्क आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. तो भोळा काळ गेला. आजचा मालवेअर पासवर्ड चोरतो, किंवा तुमच्या फाइलींना कुलूप लावून किल्लीचे पैसे मागतो. या दुसऱ्या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात, आपण खंडणीवाला म्हणू. लोकांच्या तोंडी मात्र सगळ्याला व्हायरसच, आणि या लेखातही मी तसंच म्हणणार आहे.

मानस ओळखते कशी

खाजन शेती ज्यांनी बघितली आहे त्यांना हे लगेच कळेल. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा बांध, आणि त्या बांधात एका जागी मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. तिथे रात्रंदिवस माणूस उभा करावा लागत नाही.

अँटीव्हायरस ही कॉम्प्युटरची मानस. तुम्ही एखादी फाइल उघडता, उतरवता, पेनड्राइव्हवरून घेता, त्या क्षणी तो मध्ये येतो आणि फाइल बघतो. बघण्याच्या त्याच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली, ओळखपरेड. आधी सापडलेल्या व्हायरसांच्या खुणांची यादी त्याच्याकडे असते, तिच्याशी ताडून बघायचं. ही यादी दिवसातून कितीतरी वेळा बदलते, म्हणून तो सारखा अपडेट मागतो. दुसरी, वागणूक. यादीत नाव नाही, पण एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फोटो एकामागून एक उघडून त्यांचं रूप बदलायला लागला, तर तो खंडणीवाला असणार असं धरून त्याला रोखायचं. तिसरी, विचारणा. फाइल अनोळखी वाटली की कंपनीच्या मोठ्या सर्व्हरला इंटरनेटवरून विचारायचं, ही जगात आणखी कोणाकडे दिसली का, आणि तिथे तिने काय केलं?

ही तिसरी तऱ्हा आज सगळ्यात जास्त कामाची आहे. त्यामुळे इंटरनेट बंद ठेवून "आता मी सुरक्षित" म्हणणं फसवं ठरतं. नेट तोडलेल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावलात, तर मानस अर्ध्या ताकदीवर चालते.

पेनड्राइव्हचं सांगायचं तर, झेरॉक्सच्या दुकानातून परतलेला पेनड्राइव्ह उघडावा आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसावेत, हे तुमच्यापैकी निम्म्यांनी अनुभवलं असेल. मास्तरांनी तर दोनदा, दोन्ही वेळा आधार कार्डाची प्रिंट काढायला गेले होते तेव्हा. त्यात फोल्डर कुठेही जात नाहीत. व्हायरस त्यांना लपवतो आणि त्याच नावाचे, तसंच पिवळं चित्र लावलेले खोटे शॉर्टकट समोर मांडतो. तुम्ही 'फोल्डर' म्हणून ज्यावर दोनदा टिचकी मारता तो व्हायरसचा प्रोग्राम असतो. मागोमाग तो खरा फोल्डरही उघडून देतो, म्हणून शंका येत नाही. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला तर थांबा.

आधीच घरात असलेला

विंडोज १० किंवा ११ असेल तर तुमच्याकडे एक पूर्ण अँटीव्हायरस आधीच आहे. त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. स्टार्टवर जाऊन 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, पहिल्याच चौकटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' दिसेल. हिरवी खूण असेल तर तो जागा आहे.

जुन्या लोकांच्या मनात त्याच्याबद्दल अढी आहे, आणि ती निराधार नाही. २००६ मध्ये हा आला तेव्हा फक्त हेरगिरी करणारे प्रोग्राम पकडायचा. पुरा अँटीव्हायरस तो २०१२ च्या विंडोज ८ पासून झाला. त्यानंतरची दोन-तीन वर्षं चाचण्यांमध्ये तो तळाला असायचा. "विंडोजचा असून नसून सारखा" हे वाक्य त्या काळातलं, आणि दुकानदार ते अजून ऐकवतात. दुकानदाराला डबा विकायचा असतो, हेही खरं.

चाचण्या कोण करतं? जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन प्रयोगशाळा वर्षानुवर्षं हेच काम करतात. ताजे, खरे व्हायरस आणून प्रत्येक अँटीव्हायरससमोर सोडायचे, किती पकडले ते मोजायचं. कॉम्प्युटर किती सुस्तावला आणि निरुपद्रवी फाइलींना किती वेळा उगीच चोर ठरवलं, हेही मोजायचं. एव्ही-टेस्ट या तीन बाबींना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. तिथे गेली काही वर्षं डिफेंडर सातत्याने वरच्या गटात आहे. निकाल त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. यूट्यूबवरच्या "टॉप टेन" यादीपेक्षा दहा मिनिटं तिथे घालवा. त्या याद्यांतल्या पुष्कळशा दुव्यांवर कमिशन मिळत असतं.

त्याच्यात उणं काहीच नाही असं नाही. मोठा फोल्डर इकडून तिकडे हलवताना किंवा नवा प्रोग्राम बसवताना तो इतर काहींपेक्षा सुस्त आहे. फसव्या वेबसाइटपासूनचं त्याचं संरक्षण मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये जितकं पक्कं, तितकं क्रोममध्ये नाही. क्रोमचा स्वतःचा पहारा आहे म्हणून फार अडत नाही. घरच्या वापराला हे उणेपण मला चालतं.

"फुकटात मिळतं ते चांगलं कसं असेल?"

हा मास्तरांचा प्रश्न, आणि तो योग्य आहे. फक्त तो डिफेंडरपेक्षा बाकीच्या फुकट अँटीव्हायरसांना विचारायला हवा. डिफेंडरचे पैसे तुम्ही विंडोज घेतानाच भरलेत. शिवाय विंडोज किडलं तर मायक्रोसॉफ्टचंच नाव खराब होतं, तेव्हा तो बरा असण्यात त्यांचा स्वार्थ आहे. पण ज्या कंपनीचा धंदाच अँटीव्हायरस, ती तो फुकट वाटते तेव्हा पगार कुठून होतात?

बहुतेकदा सशुल्क आवृत्तीच्या विक्रीतून. फुकटवाल्यांना वारंवार चौकटी दाखवायच्या: तुमचा कॉम्प्युटर मंद आहे, तुमची माहिती उघडी आहे, पैसे भरा. यात बेकायदा काही नाही, पण भीती घालून विकणं आहे, आणि घरातली वयस्कर माणसं त्याला बळी पडतात. मास्तरांना दिसलेल्या चाळीस 'समस्यां'मध्ये बहुतेक ब्राउझरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली होत्या. घरात धूळ आहे आणि घरात चोर आहे, या दोन्हींची एकच यादी करून दाखवली की माणूस घाबरणारच.

दुसरी वाट जास्त गंभीर आहे. अँटीव्हायरस तुमची प्रत्येक फाइल आणि तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान बघू शकतो. बघितल्याशिवाय त्याला काम करताच येत नाही. मग त्याने जे बघितलं ते विकलं तर? अव्हास्त या फार मोठ्या फुकट अँटीव्हायरस कंपनीने तेच केलं. वापरकर्ते कोणती पानं बघतात याची माहिती तिच्याच जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली जात होती. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी ते उघड केल्यावर जम्पशॉट बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्तला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जाहिरातीसाठी अशी माहिती विकण्यावर बंदीही घातली. पहाऱ्याला ठेवलेला माणूसच घरात कोण येतं-जातं याची वही बाजारात विकत होता.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. अव्हास्त, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चार नावं वेगवेगळी दिसली तरी मालक आज एकच आहे, जेन डिजिटल. "एक आवडला नाही म्हणून दुसरा घातला" म्हणताना तुम्ही एकाच दुकानाच्या दुसऱ्या दारातून आत गेलेले असू शकता.

कॅस्परस्कीचं काय, असंही विचारतात. पकडण्याच्या कामात त्याचं नाव कायम वर असायचं. कंपनी रशियन, म्हणून अमेरिकेने जून २०२४ मध्ये तिथल्या विक्रीवर बंदी जाहीर केली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरपासून तिथले अपडेटही थांबले. तो राजकारणाचा भाग आहे. पण घरच्या कॉम्प्युटरसाठी ती डोकेदुखी ओढवून घेण्याचं कारण मला दिसत नाही.

मग दोन-तीन एकदम घातले तर?

एक बांध, तर दोन मानशी का नकोत? मडकईहून कुठ्ठाळीला जाणारी फेरीबोट आठवा. उतारावरून गाडी चढवताना पुढे उभा असलेला माणूस हाताने खूण करतो, "येऊ दे, येऊ दे, बस." आता तिथे दोघे उभे करा, एक 'पुढे' म्हणतोय, दुसरा 'मागे'. गाडी पाण्यात.

दोन अँटीव्हायरस एकच फाइल एकाच क्षणी पकडू बघतात आणि दोघेही अडतात. एकाजवळची व्हायरसांच्या खुणांची यादी दुसऱ्याला व्हायरस वाटू शकते. आणि हे प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतात, त्यामुळे तिथे काही बिनसलं तर अख्खा कॉम्प्युटरच बसतो. १९ जुलै २०२४ ला जगाने ते बघितलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर, त्याचा एक सदोष अपडेट आला आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून आडवे झाले. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो व्हायरस नव्हता, पहारेकरीच उंबऱ्यात पडला होता.

म्हणून सतत जागा राहणारा अँटीव्हायरस एकच. डिफेंडर हे जाणतो, दुसरा आला की स्वतः मागे सरतो. दुसरा नीट काढून टाकलात की परत पुढे येतो.

तर माझं मत असं

साधं घर, विंडोज ११, बँक, यूट्यूब, मुलांचा अभ्यास: डिफेंडर पुरे. दुसरा शोधू नका.

डिफेंडर नकोच असेल तर बिटडिफेंडरची फुकट आवृत्ती बरी. कंपनी रुमानियाची, चाचण्यांत नाव वर, आणि त्रास देणाऱ्या चौकटी त्या मानाने कमी. संशय आला आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावंसं वाटलं, तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती उतरवून एकदा तपासणी करा. बसवल्यावर सुरुवातीचे काही दिवस ती सशुल्क आवृत्तीसारखी वागते, मग निव्वळ बोलावल्यावर येणारी होते. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून फुकट साफसफाईची साधनं देतं. ही साधनं झाडूसारखी, घाण झाल्यावर काढायची. पहारा देत नाहीत.

पैसे देऊन घेणं मूर्खपणा आहे असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या काटकर बंधूंनी उभं केलेलं क्विक हील आपल्याकडच्या दुकानांत मुबलक मिळतं. घरातच हिशेबाचा छोटा धंदा असेल, गिऱ्हाइकांच्या फाइली ये-जा करत असतील, अडचण आली की फोन उचलणारं कोणीतरी हवं असेल, तर वर्षाची ती रक्कम वाया जात नाही. पण मास्तरांसारखा वापर असेल तर तेच पैसे बाहेरच्या हार्डडिस्कवर घाला. कारण पुढे येतंच.

बांधाला पडलेली भोकं

खाजनात मानस शाबूत असूनही शेत बुडतं. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांध पोखरतात, छोटं भोक पडतं, भरतीला तेच रुंदावतं. मानशीच्या दाराने तिथे काय करायचं?

विंडोजमध्येही अशी भोकं सापडत राहतात. कोट्यवधी ओळींच्या प्रोग्राममध्ये ती असणारच. मायक्रोसॉफ्ट महिन्याला त्यावर माती लिंपते, त्यालाच विंडोज अपडेट म्हणतात. 'रिस्टार्ट करा' म्हटल्यावर आपण 'नंतर' दाबतो ना, तेव्हा माती बादलीतच राहते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणीवाल्याने जगभर थैमान घातलं, इंग्लंडमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारा अपडेट १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच येऊन पडला होता.

आता विंडोज १० कडे या. मायक्रोसॉफ्टने सांगितलंय की विंडोज १० वरच्या डिफेंडरला व्हायरसांची नवी यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील. म्हणजे मानस चालू. पण बांधाची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. दुसरा कितीही चांगला अँटीव्हायरस घातलात तरी तीही मानसच. बांध तो लिंपत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा सल्ला चुकतो तो इथे.

उपाय आहेत. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने अपडेटची जादा मुदत दिली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणी होते, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि आपल्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायची तयारी असेल तर पैसे लागत नाहीत. कॉम्प्युटर पुरेसा नवा असेल तर विंडोज ११ वर जाणं फुकट आहे. मास्तरांचा त्यात बसत नव्हता. अशा जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी घालता येणारी फुकट प्रणाली, उत्तम चालतं, आणि ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच आहे त्यांना फरक आठवड्याभरात जाणवेनासा होतो. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून घरी आलेले कॉम्प्युटर अजून कोणाकडे असतील, तर त्यांना मात्र आता माळ्यावर विश्रांती द्यावी.

आणि एक भोक आपण स्वतः पाडतो. कॉम्प्युटर फॉरमॅट करायला दुकानात दिला, की तो 'सगळं घालून' परत येतो: ऑफिस, फोटोंचा प्रोग्राम, मराठी टायपिंग, सगळं फुकट. देताना मुलगा सांगतो, "अँटीव्हायरस बंद ठेवलाय, चालू करू नका, नाहीतर ऑफिस उडेल." हे वाक्य मी फोंड्यात माझ्या कानांनी ऐकलंय. सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणाऱ्या या छोट्या प्रोग्रामला क्रॅक म्हणतात. तो चालवायला तुम्ही स्वतःच्या हाताने मानशीचं दार काढून बाजूला ठेवता. स्टॉप नावाच्या खंडणीवाल्याची अख्खी पिलावळ प्रामुख्याने असल्या क्रॅकमधूनच घरोघरी पोचली.

"पण ऑफिस परवडत नाही हो." लिब्रेऑफिस घ्या, कायमचं फुकट आहे आणि युनिकोड मराठी नीट दाखवतं. मराठी टायपिंगसाठी तर काही उतरवायची गरजच नाही, मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजच्या आतच आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा.

पोदेराचा भोंपू

आता ती लाल चौकट. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला की घरातलं कोणीही उठून दार उघडतं. कोण आलंय हे बघायची गरज वाटत नाही, आवाजच ओळखीचा. उद्या कोणी तसाच भोंपू घेऊन आला तर?

मास्तर पंचांग बघायला कुठल्याशा वेबसाइटवर गेले होते. तिने विचारलं, "नोटिफिकेशन दाखवू का?" मास्तरांनी 'अलाउ' दाबलं, कारण न दाबता पुढे जाता येईना. तेव्हापासून ती वेबसाइट बंद असतानाही कोपऱ्यात हव्या त्या चौकटी पाठवू शकत होती. तिने पाठवली ती अँटीव्हायरसच्या इशाऱ्यासारखी दिसणारी, ओळखीचं चिन्ह लावलेली जाहिरात. दाबलं की सॉफ्टवेअर विकणारं पान. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स', तिथे परवानगी दिलेल्या वेबसाइटींची यादी असते. मास्तरांकडे ती एकवीस नावांची निघाली. सगळ्या काढल्या, चौकटी थांबल्या. अँटीव्हायरस लागलाच नाही.

याचाच वाईट भाऊ म्हणजे अख्खा पडदा व्यापून, भोंगा वाजवत "मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा" म्हणणारं पान. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. त्या नंबरावरचा गोड माणूस तुम्हाला एनीडेस्कसारखा प्रोग्राम उतरवायला लावतो आणि मग तुमचा माउस तो हलवतो. एनीडेस्क व्हायरस नाही, चांगला प्रोग्राम आहे, कार्यालयांत रोज वापरतात. म्हणून कुठलाही अँटीव्हायरस तिथे ओरडेलच असं नाही. दार तुम्हीच उघडलंत, पाहुणा तुम्हीच आत घेतलात. मानशीने कोणाला अडवायचं? असं घडलंच तर आधी इंटरनेटची वायर काढा, मग सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवायचे असतात, तेव्हा मिनिटं मोलाची. तक्रार लेखी द्यायची तर गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे.

आणि तरीही फाइली गेल्या तर

शंभर टक्के पकडणारा अँटीव्हायरस नाही, फुकट नाही आणि विकतही नाही. म्हणून ती हार्डडिस्क. महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर उतरवायची आणि तिची वायर काढून कपाटात ठेवायची. वायर काढणं विसरू नका. जोडलेली डिस्क खंडणीवाल्याला तुमच्या कॉम्प्युटरचाच भाग दिसते, तो तिलाही कुलूप लावतो.

डिफेंडरमध्ये खंडणीवाल्यासाठी एक खास कडी आहे, पण ती मुळात बंद असते: 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'च्या पानावर 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'. चालू केली की अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फोटो-कागदपत्रांत हात घालता येत नाही. कधीकधी ती चांगल्या प्रोग्रामलाही अडवते, मग त्याला परवानगी द्यावी लागते. मी माझ्याकडे चालू ठेवली आहे, मास्तरांकडे नाही. परवानगीच्या प्रत्येक प्रश्नाला मला फोन आला असता.

फाइलींना कुलूप लागलंच, तर खंडणी भरण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर जा. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांना घेऊन २०१६ मध्ये ते सुरू केलं. पुष्कळ जुन्या कुलपांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात.

"पण तो चालू आहे हे कळणार कसं?"

तिन्ही पाहुणे अँटीव्हायरस काढून, डिफेंडर चालू करून, जादा मुदतीची नोंदणी करून मी चहाला बसलो. पंखा शांत झाला होता. मास्तर मात्र अस्वस्थ. "हा काहीच बोलत नाही रे. आधीचे निदान सांगत तरी होते."

यासाठी एक मजेशीर चाचणी आहे. १९९० च्या दशकात युरोपातल्या आयकार या संस्थेने सगळ्या अँटीव्हायरसवाल्यांशी ठरवून एक ओळ मुक्रर केली, बरोबर ६८ अक्षरांची. ती कसलंही नुकसान करत नाही, पण ती दिसली की प्रत्येक अँटीव्हायरसने व्हायरस सापडल्यासारखं वागायचं. नोटपॅडमध्ये लिहून फाइल साठवायची, बस्स. अक्षरं संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत.

मी चिकटवून देतो म्हटलं, पण मास्तरांनी ऐकलं नाही. चष्मा पुसून, मोबाइलवरचं बघत, एका बोटाने त्यांनी ती ओळ स्वतः टाइप केली. कंस, टक्क्याची खूण, डॉलर, सगळं. साठवली. काहीच झालं नाही. माझ्याकडे बघितलं ते "काय सांगत होतो?" अशा नजरेने. मी ओळ ताडून बघितली. तिसरं अक्षर इंग्रजी मोठं ओ आहे, त्यांनी शून्य टाकलं होतं.

"म्हणजे एका शून्याने वाचला तो," म्हणत त्यांनी लाल शाईने पेपर तपासावा तसं ते अक्षर खोडून दुरुस्त केलं आणि परत साठवलं. कोपऱ्यातून चौकट वर आली: धोका सापडला, कारवाई सुरू आहे. फाइल जागेवरून नाहीशी झाली.

मास्तरांनी काकींना हाक मारली आणि ओळ पहिल्यापासून परत टाइप करायला घेतली.